उभ्या बाईंची कॅसेट

गुरुवार, संध्याकाळ. नारायण पेठ.

आज लिहून ठेवलंच पाहिजे, कारण आमचे साठे साहेब सर्वांसमोर "बाई, तुमचंच बरोबर होतं" म्हणाले, आणि सोमवारपर्यंत ते नाकबूल करतील.

आमच्या विमा कंपनीच्या शाखा व्यवस्थापकांना मी शिकवते; त्यांचंच चित्रण करून त्यांना टीव्हीवर दाखवायचं, ही माझी कल्पना. साहेबांचा पहिल्यापासून विरोध. "लग्नाची कॅसेट आहे का ही?" आज पटलं नाही तर योजना बंद, असं बजावलंही होतं.

काल सरावाचं चित्रण केलं. नवरा गेल्यावर विम्याचे पैसे मागायला आलेली बाई म्हणून आमच्या टायपिस्ट कांबळेबाईंना उभं केलं. साहेब म्हणाले, "सरका, मी दाखवतो कसं बोलायचं." बोलले छानच. मृत्यूचा दाखला मागितला, मूळ पॉलिसी मागितली, दुःखही व्यक्त केलं.

आज तेच टीव्हीवर लावलं. मी एक शब्द बोलले नाही. कसं जमलं मला? टेबलापुढची खुर्ची रिकामी, आणि बाई उभ्या. साहेबच ओरडले, "अहो, त्या उभ्याच आहेत की!" मग माझ्याकडे वळून, "बाई, तुमचंच बरोबर होतं."

कांबळेबाई म्हणाल्या, "पाय दुखले हो साहेब काल." तेव्हा सगळे हसले. साहेबही.

'आधी बसवा' हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. फळ्याकडे कोण बघतं? स्वतःकडे मात्र सगळे डोळे फाडून बघतात.

जेवणानंतर पुन्हा चित्रण. साहेबांनी आधी खुर्ची ओढली. योजना आता सगळ्या शाखांत.

साठे साहेबांच्या हाती दोन कॅसेट दिल्या. एकीत बाई उभ्या, दुसरीत बसलेल्या. दोन्ही दाखवायच्या, असं बजावलं. पोच घेतली.