अकरा जण नदीकडे

ब्रिस्बेन,
२ एप्रिल १९७८

प्रिय एमलिन,
स. न. वि. वि.

तुझी रचना सुखरूप पोचली. पोस्टमनने पाकीट दुमडून पेटीत कोंबलं होतं, पण आतलं सगळं शाबूत आहे. ‘नदीकडे’ हे नाव सगळ्यांना आवडलं. दर गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये तालीम असते आणि आम्ही अकराही जण अजून एकमेकांशी बोलतो, तेव्हा काम बरं चाललंय असं समज. पहिल्या पानावर तू लिहिलंयस, की पुढच्याचा श्वास ऐकू येईल इतक्या जवळून चालायचं आणि त्याच्याकडून सूर उचलायचा. मी ते मोठ्याने वाचलं तर कोस्टास म्हणाला, पुढे ट्रॉम्बोनवाला लीथ असेल तर सुराआधी बिअरचा वास उचलावा लागेल. कोस्टास म्हणजे आमचा ग्रीक क्लॅरिनेटवाला. ऐंशी लग्नांत वाजवलंय, आणि हे तो दर तालमीला सांगतो.

आता वाईट बातमी. हॉलमधून निघून एडवर्ड स्ट्रीटने नदीपर्यंत वाजवत जायचं तर परवाना लागतो. गेल्या सप्टेंबरपासून इथे रस्त्यावरून मिळून चालायला सरकारची बंदी आहे, ते तू पेपरात वाचलंच असशील. मला वाटलं, आपण ना घोषणा देणार ना फलक धरणार, आपल्याला कोण अडवतंय. अर्जात एक चौकट होती: काय वाजवणार? तू अर्धं लिहून दिलंयस आणि अर्धं आमच्यावर सोडलंयस, म्हणून मी खरं ते लिहिलं, की वाजवताना ठरेल. खिडकीतल्या साहेबाने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, ही धमकी समजायची का. मी सांगितलं, हे संगीत आहे. चौथ्या दिवशी नकार आला. कोस्टासने कपाळाला हात लावला. त्याचं म्हणणं, अशा चौकटीत एखाद्या मार्चच्या धूनचं नाव ठोकून मोकळं व्हायचं असतं, आणि तेरा वर्षं शाळेत शिकवणाऱ्या बाईला एवढं कळू नये.

शाळेचं म्हणशील तर खात्याचं एक परिपत्रक फिरतंय. मोर्च्याचा गुन्हा शाबित झालेल्या शिक्षकाला ठेवायचं की नाही याचा विचार होईल म्हणे. हेडमास्तरांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि निघून गेले. तारीख २० मे, शनिवार, दुपारी बारा अशी ठरली आहे. ती मी बदलणार नाही, पण पुढे काय करायचं ते तूही सुचव.

लोभ वाढव असं म्हणत नाही, आहे तेवढा राहू दे.
तुझी ऑल्वेन


अ‍ॅडलेड,
११ एप्रिल १९७८

चि. ऑल्वेन हिस
अ. आ.

तुझं पत्र वाचून आधी हसलो आणि मग जेवण गेलं नाही. सरकारी चौकटीत खरं लिहिणारी बाई आपल्याच घरात निघायची होती.

इथे मला कुणी अडवत नाही. गेल्या महिन्यात माझं नवं काम वाजलं तेव्हा एकोणीस श्रोते होते, त्यांतले तिघे पाऊस आला म्हणून आत शिरले होते. तुमच्याकडे निदान सरकार तरी आपलं संगीत मनावर घेतंय.

मी एका वकील मित्राला विचारलं. तो म्हणतो, मिळून चालायला बंदी आहे ना, मग मिळून चालू नका. एकटा माणूस हॉर्न घेऊन फुटपाथवरून निघाला तर तो मोर्चा होत नाही. म्हणून पहिलं पान नव्याने लिहून सोबत पाठवतो आहे. प्रत्येकाने दोन-दोन मिनिटांच्या अंतराने हॉलमधून निघायचं, वेगवेगळ्या रस्त्यांनी जायचं, सिग्नलला थांबायचं, आणि नदीपाशीही घोळका करायचा नाही. आपली रचनाही होते, तुझी नोकरीही टिकते, आणि त्यांच्या हाती काही लागत नाही. खरं सांगायचं तर हे सुचल्यावर मी स्वतःवरच खूश झालो.

ऑल्वेन, तुझ्या नोकरीची मला खरोखर काळजी वाटते. तू शिकवायला लागलीस त्या वर्षी आई किती मिरवत होती ते आठव. हट्ट करायचा तर माझ्याशी कर, खात्याशी नको.

बाबांना सांभाळ, आणि माझ्यावरची माया अशीच असू दे.
तुझा एमलिन


ब्रिस्बेन,
२४ एप्रिल १९७८

प्रिय एमलिन,
स. न. वि. वि.

परवा शनिवारी तुझं नवं पान करून पाहिलं. कायद्याने बोट ठेवायला जागा नव्हती. एका पोलिसाने तर मला रस्ता ओलांडून दिला.

पण वाजलं काहीच नाही. मी अ‍ॅन स्ट्रीटवरून एकटी हॉर्न फुंकत चालले होते, आणि कुणाकडून सूर उचलायचा तेच कळेना. लीथ दोन रस्ते पलीकडे होता, कोस्टास कुठे होता देव जाणे. नदीपाशी पोचल्यावर बाकावर बसून वाट पाहिली तर एकेक जण आला आणि दुसऱ्याला ओळख न दाखवता निघून गेला, तू तसंच लिहिलंस म्हणून. कोस्टासने संध्याकाळी फोन केला. ऐंशी लग्नं झाली, पण नवरा एका गल्लीत, नवरी दुसऱ्या गल्लीत आणि वऱ्हाड घरी, असं लग्न त्याने आजवर पाहिलं नव्हतं म्हणे. मी हसले आणि फोन ठेवल्यावर रडले.

काल ब्लॅकस्टोनला बाबांकडे जेवायला गेले. तुझी युक्ती त्यांना रंगवून सांगितली, म्हटलं हसतील. मटण कापता कापता त्यांनी सुरी खाली ठेवली, पाणी प्यायले आणि बाहेर जाऊन टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत बसले. मी निघेपर्यंत आत आले नाहीत. बँड सोडून सहा वर्षं झाली तरी राग आला की ते अजून पायाने ताल धरतात, तेवढं दिसलं.

तू म्हणशील तसं करू, पण नीट विचार करून सांग. माझ्यावर चिडू नकोस एवढीच विनंती.
तुझी ऑल्वेन


ब्लॅकस्टोन,
२६ एप्रिल १९७८

चि. एमलिन यास आशीर्वाद.

याची नक्कल ऑल्वेनलाही पाठवतो आहे, म्हणजे तुम्ही दोघं मिळून मला फसवणार नाही.

तुझं संगीत मला कळत नाही. एकाहत्तर साली तू मला एका जलशाला नेलंस. माणूस पियानोच्या आत हात घालून काहीतरी शोधत होता. तासभर शोधूनही त्याला ते सापडलं नाही. मी तक्रार केली नाही. आज करतो.

मी चौदाव्या वर्षी खाणीत उतरलो आणि त्याच वर्षी बँडमध्ये उभा राहिलो. रांगेने चालतात ते दिसायला बरं म्हणून नव्हे. खाणीतून वर आलेल्या माणसाची छाती धुळीने भरलेली असते. त्याचा सूर तुटला की शेजारचा तो धरतो, आणि रस्त्यावरच्या कुणाला पत्ता लागत नाही. एकतीस साली खाण बंद पडली, तेव्हा आम्हाला सांगण्यात आलं होतं की मोठ्या रस्त्यावर वाजवत येऊ नका. आम्ही सत्तावीस जण होतो. सत्तावीसच्या सत्तावीस आलो.

काल अ‍ॅन्झॅक दिनाला, मेलेल्या सैनिकांसाठी, आपला बँड रस्त्याच्या मधोमध गेला. पोलीस कडेला उभे राहून सलाम करत होते. म्हणजे रस्ता तोच, पोलीस तेच, बँडही तसाच. फक्त काय वाजवणार ते त्यांना आधी ठाऊक हवं.

ऑल्वेनने जाऊ नये असं बाप म्हणून मला वाटतं. तिने घरी बसावं. पण जायचं असेल तर जावं. हे जे तुम्ही तिसरंच काढलंय, की गेल्यासारखं करायचं आणि जायचं नाही, ते घरात बोलूही नका. त्यांनी तुम्हाला वेगळं व्हा म्हटलं आणि तू ते कागदावर लिहून दिलंस. तुझ्या रचनेत दुसरं काही मला कळलं नसेल, पण पहिलं पान कळलं होतं. तेवढंच फाडून टाकलंस.

तब्येत ठीक आहे. टोमॅटोला कीड लागली.
तुझे बाबा


अ‍ॅडलेड,
३ मे १९७८

चि. ऑल्वेन हिस
अ. आ.

बाबांचं पत्र आणि तुझी तार एकाच दिवशी आली. तार बरी होती. ‘जुनंच पान, जवळून चालायचं’ एवढ्या शब्दांत तू माझं थोबाड फोडलंस, तेही प्रेमाने. नवं पान चुलीत घाल. माझ्याकडची प्रत मी घातली. आठशे कोसांवर बसून शहाणपण सुचत होतं, त्याची लाज वाटते.

कॉर्नेटवाल्याने माघार घेतली असं नंतरच्या चिठ्ठीत लिहिलं आहेस. त्याला कुणी नावं ठेवू नका, त्याची तीन पोरं आहेत. त्याच्या जागी मी येतो. बाबांनी मला वयाच्या सोळाव्या वर्षी बँडमधून काढलं ते योग्यच होतं, त्यामुळे फार आशा धरू नकोस. मी घाबरलो आहे हेही सांगून टाकतो. स्वतः लिहिलेलं स्वतःच्या पायांनी चालून बघायची माझ्यावर कधी वेळ आली नव्हती.

सतराला पोचतो. गादी नसली तरी चालेल, जागा असू दे.
तुझा एमलिन


ब्रिस्बेन,
८ जून १९७८

तीर्थरूप बाबांस,
ऑल्वेनचा सा. न.

एमलिन काल परत गेला. ओठ सुजलाय, बाकी धडधाकट आहे. पेपरात चार ओळी आल्या आणि त्यात तीन चुका आहेत, म्हणून सगळं मीच लिहिते.

बरोबर बाराला आम्ही हॉलमधून बाहेर पडलो आणि रस्त्याच्या मधून चालायला लागलो. पुढे मी, मागे एमलिन, शेवटी कोस्टास. मी एक सूर धरला, तो एमलिनने घेतला, जरा फाटका, पण घेतला, आणि तसा तो मागे मागे गेला. कोस्टासकडून परत येईपर्यंत तो काहीतरी निराळाच झाला होता. बाबा, तुम्हाला आवडो न आवडो, मी इतकं चांगलं आयुष्यात वाजवलं नव्हतं. दुकानांतून बाया बाहेर आल्या. एक गृहस्थ ओरडला, की जाऊन नोकऱ्या करा. कोस्टासने क्लॅरिनेट तोंडातून काढून त्याला सांगितलं, की तो दोन करतो, एक हवी असेल तर घेऊन जा.

क्वीन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर आम्हाला धरलं. नदी अजून पाच चौक लांब होती. लीथला गाडीत चढवताना त्याचा ट्रॉम्बोन आत मावेना, तेव्हा एका शिपायाने तो मांडीवर धरून आणला.

कोर्टात त्याच शिपायाने आपली टिपणवही वाचली. बारा वाजून सात मिनिटांनी हॉर्नवाल्या बाईने लांब सूर धरला. तो एकेकाने घेत शेवटच्या इसमापर्यंत जायला वीस सेकंद लागले. मग सगळे थांबले आणि बस गेल्याचा आवाज आला. मग पुन्हा सुरू झाले, पण आधीसारखं नाही. मॅजिस्ट्रेटने विचारलं, गाणं कुठलं होतं. तो म्हणाला, गाणं नव्हतं, पण सगळे एकमेकांचं ऐकत होते, त्यामुळे सुरुवात कोणी केली ते नंतर सांगता येईना. एमलिन पिंजऱ्यात उभा राहून हे शब्दन् शब्द उतरून घेत होता. वीस वर्षांत त्याच्याबद्दल इतकं बरोबर कुणी लिहिलं नाही म्हणे. सगळ्यांना दंड झाला, आणि पुन्हा आलात तर तुरुंग, अशी समज मिळाली.

आता मुद्द्याचं. सोमवारी खात्याचं पत्र आलं. पुन्हा अशा कशात भाग घेणार नाही असं लिहून दिलं तर शाळा राहील, नाहीतर शुक्रवार शेवटचा. मी दोन दिवस ते पत्र दप्तरात घेऊन फिरले. शाळा मला आवडते, बाबा. दुसरं काही मला येतही नाही. काल वर्गात बसून सहीच्या जागी लिहिलं, की २४ जूनला शनिवारी दुपारी बारा वाजता आम्ही पुन्हा निघणार आहोत आणि या वेळी नदीपर्यंत जाणार आहोत. मग टपालात टाकलं. उद्या टेबल रिकामं करते.

हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहिलं. रागवायचं असेल तर समोर रागवा, टोमॅटोकडे जाऊ नका.
तुमची ऑल्वेन


ब्लॅकस्टोन,
११ जून १९७८

चि. ऑल्वेन हिस आशीर्वाद.

नोकरी गेली, वाईट झालं. रात्री झोप आली नाही. सही केली असतीस तरीही आली नसती.

एमलिनने तुमच्या तालमीची टेप पाठवली ती पूर्ण ऐकली. वाईट आहे. सुरुवातही नाही आणि शेवटही नाही.

२४ तारखेला मी येतो. अकराच्या आत हॉलवर पोचेन, थांबा. कॉर्नेट आणणार नाही, असलं काही मी वाजवणार नाही. तुमच्या मागे रस्त्याने चालणार आहे. काल बँडच्या खोलीत ती टेप सगळ्यांना ऐकवली. माझ्याबरोबर चौदा जण येत आहेत. त्यांनाही ते आवडलेलं नाही.

तुझे बाबा