बाजाराच्या दिवशी लागलेला खोकला

माय, मी तुझ्यावर चिडलेय. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी चिडलेय.

बीबी गावाच्या आसपास नवा खोकला-ताप आलाय. विषाणू नवा आहे आणि तो किती वेगानं पसरतोय याचा अंदाज मी आरोग्य खात्याला काढून द्यायचाय. त्यासाठी एक गोष्ट धड कळावी लागते: कुणाला त्रास कधी सुरू झाला. आणि घरोघरी उत्तर एकच, "बाजाराच्या दिवशी." म्हातारा असो की कॉलेजातली पोरगी, बाजाराच्या दिवशी! माझ्या आलेखात त्या एका दिवसावर माणसांचा नुसता डोंगर. साहेब फोनवर म्हणाले, "मॅडम, हा भडका आहे. आठवडी बाजार बंद करायची शिफारस पाठवा."

तुझीच आठवण झाली. तू चुलीपुढे मिरच्यांचे देठ खुडत बसली आहेस, उद्या त्याच बाजारात बसायचंय, आणि मी शाळेसाठी जन्मतारीख विचारतेय. "बाजाराच्या दुसऱ्या दिवशी झाली तू." कोणत्या बाजाराच्या? "मिरची खपली नव्हती त्या." मी पाय आपटले तर म्हणालीस, "तारीख काय चाटायची हाये वं?" सगळा तालुका तुझ्याच वळणावर गेलाय.

गेले परत, कपाळाला हात लावून. एका बाईंना विचारलं, बाजाराला जायच्या आधी घसा दुखत होता का?

"हाव, तो त आधीपासूनच होता. पण बाजाराले गेलो तवा डाक्टरले दाखवलं ना!"

म्हणजे डॉक्टरला दाखवल्याशिवाय आजार सुरूच होत नाही! मग हे आधी सांगायला काय झालं होतं?

"तुमी कुठं इचारलं, मॅडम?"

सगळे उंबरठे पुन्हा झिजवले. डोंगर खचला, माणसं आधीच्या दिवसांवर विखुरली. साथ पसरतेय, पण भडका नाही. तसं कळवलं, त्यावर साहेबांची बोलणी खाल्ली. बाजार सुरू राहिला.

आज जाऊन पाहिलं. मिरचीवाल्या बायका तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. एक सारखी खोकत होती, मिरचीनं की तापानं, कळेना.

हे पत्र कुठंच जाणार नाही, म्हणून लिहिते. अंदाज मी पुन्हा पुन्हा तपासलाय, बरोबर वाटतो. पण माय, तो बाजार तुझा नसता तर मी दुसऱ्यांदा विचारायला गेले असते का, ते मला सांगता येत नाही.