घरात दोन माणसं, महागाईचे दोन अंदाज

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

चि. दाक्षायणी हिला सोलापूरच्या भवानी पेठेतून अप्पाचे भरभरून आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं ठणठणीत आहोत (तुझ्या आईचा गुडघा सोडून, त्याची हकिकत लिहायची तर वेगळं पाकीट लागेल). तुझी प्रकृती कशी आहे? देशाची प्रकृती तू बघतेसच. फोनवर तू "अप्पा, मीटिंग आहे" म्हणतेस. पत्राला तसं म्हणता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

तूच मागं सांगितलं होतंस, की तुमची ती बँकांची बँक व्याजदर ठरवण्याआधी घरोघरी माणसं पाठवते, भाव वाढतील असं वाटतं का म्हणून विचारते, आणि ती उत्तरं तुमच्या खात्यात येतात. तर गेल्या महिन्यात ते माणूस आपल्याच दारात आलं. झीनत नावाची मुलगी, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. मी चादरींचं दुकान उघडं टाकून घरात पळालो. लेकीच्या टेबलावर जाणारी उत्तरं ही काय साधी गोष्ट आहे?

पहिलाच प्रश्न, खाण्यापिण्याचे भाव वाढतील का. मी म्हटलं, आभाळाला टेकतील. (ज्वारी काय भावानं येते हे मला ठाऊक नव्हतं. पण हे वाचून तू घाबरशील आणि आईबापाला बघायला येशील, असा माझा बेत.) तेवढ्यात तुझी आई आतून गरजली, "काय बी सांगू नका! लिव्ह गं पोरी, समदं स्वस्त हाय. तेल स्वस्त, डाळ स्वस्त, ग्यास तर लईच स्वस्त!" तिला वेगळीच धास्ती. महागाई वाचून तू तिकडं काळजीनं जेवायची नाहीस. मग औषधांचं विचारलं. मी म्हटलं महाग, ती म्हणाली औषधं लागतच नाहीत (हात गुडघ्यावर!). झीनत काकुळतीला येऊन म्हणाली, "काका, एका घराचं एकच उत्तर घेता येतं की."

निवाड्याला शेजारच्या चांदसाबला बोलावलं, हा माझा गाढवपणा. त्याचे टॉवेल परदेशी जातात. अमेरिकेनं जकात वाढवल्यापासून तो जगाच्या परिस्थितीवर कुणी न विचारता बोलतो. डॉलर, कच्चं तेल, समुद्रात अडकलेली जहाजं, असं सगळं जग फिरवून आणलं आणि शेवटी म्हणाला, "रुद्रप्पा, म्हागाई जाऊ दे की. पोरगी कवा येतीय ते सांग."

तुझ्या आईनं झीनतपुढं कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवली. तीही तुझ्यासारखीच आधी काठ मोडून खाते. जेवण झालं, चहा झाला, तरी आम्ही तिला सोडीना. घरात कुणीतरी प्रश्न विचारतंय, हे फार बरं वाटत होतं, दाक्षा. तू गेल्यापासून या घरात कुणी काही विचारतच नाही.

परवा तुमच्या बँकेचं निवेदन मोबाईलवर ऐकलं. जग अनिश्चित, देशाची वाढ समाधानकारक, महागाई आटोक्यात. भवानी पेठेचा उल्लेख नाही. तरी दर "तथापि"ला तुझी आई चांदसाबला सांगत होती, "हे आमच्या दाक्षीनं लिवलंय बघा."

रजेचं वगैरे मनात आणू नकोस. देशाचा कारभार आहे, माझं चादरींचं दुकान नव्हे.

तुझा,
अप्पा

ता. क. संक्रांतीला आपल्या सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा आहे. (सहज लिहिलं.) नंदीध्वजाच्या मिरवणुकीसाठी माझी बाराबंदी धुऊन, इस्त्री होऊन आली आहे. गेल्या खेपेस ती घालून निघालो, तर फोटो काढायला दारात कुणी नव्हतं.

आणखी एक ता. क. झीनतचा शेवटचा प्रश्न सांगायचा राहिला. वर्षभरानं परिस्थिती कशी असेल? त्या दिवशी पहिल्यांदाच आम्ही दोघं एकदम एकच बोललो, "पोरगी आली तर बरी." तिनं टॅबवरचे सगळे पर्याय वरखाली करून बघितले. असं उत्तर यात बसत नाही म्हणाली, आणि "सांगता येत नाही" यावर बोट ठेवलं. तुझ्यापुढच्या हजारो उत्तरांत सोलापूरचं एक "सांगता येत नाही" असेल. ते आम्ही दोघं आहोत. ये की.