पाव फेरा

सोमवार, ३ मार्च
आज जे केलं ते करायला नको होतं. पण केलं. मामाच्या मिलिंग मशीनच्या टेबलाखाली स्क्रू आहे, त्यावरचा नट ॲलन कीने ढिला केला. आता हँडल उलटं फिरवलं की पाव फेरा नुसतंच फिरतं, टेबल जागचं हलत नाही.
कारण: मामा सगळ्यांसमोर म्हणाला, ह्याचा हात मशीनवर आणि जीव मोबाईलमध्ये. आता बघू मामाचा हात.
मशीन एकच. सकाळी मामा, दुपारी दोननंतर मी. पण मला ढिलाई माहीत आहे, त्यामुळे मला काही फरक पडत नाही.

मंगळवार, ४ मार्च
मामाने म्हणे सकाळी हँडल दोनदा मागेपुढे केलं, मान हलवली आणि कामाला लागला. कळलंच नाही त्याला. वय झालं.
मी अंदाजाने पाव फेरा जास्त फिरवतो. बिनचूक. प्रत्येक पीसवर माझा चांदणीचा शिक्का ठोकला, जरा जोरातच.

बुधवार, ५ मार्च
तपासणीवाल्या ताई म्हणाल्या, अकरा पीस गेले, भोकं सरकलीत. मामाचेच असणार.
मग कळलं, मामाला अजून दोन वर्षं ठेवायचं की घरी बसवायचं ते मालक शनिवारी ठरवणार आहेत. हे सोमवारी कोणी सांगितलं असतं तर.
जेवताना मामी म्हणाली, हे घरी बसले तर दिवसभर माझ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालत फिरतील. सगळे हसले. मीही. 
ठराव: उद्या लवकर जाऊन नट घट्ट करायचा.

गुरुवार, ६ मार्च
जाग आली नाही. अलार्मची चूक. शिवाय ॲलन की कुठे गेली कोण जाणे.
त्यापेक्षा भारी आयडिया सुचली. ढिलाई म्हणजे काय, रिकामी जागा. ती भरली की विषय संपला. स्क्रूवर अर्धा डबा जाड ग्रीस थापलं. हँडल मस्त जड झालं. ढिलाई गायब. लोक ह्यासाठी चार वर्षं इंजिनियरिंग करतात.

शुक्रवार, ७ मार्च
सगळा लोखंडी चुरा ग्रीसला चिकटला. हँडल फिरवलं की गिरणीसारखा आवाज. अजून नऊ पीस गेले.
मामा दोन तास ब्रश आणि रॉकेल घेऊन स्क्रू धूत होता. मी पोचलो तेव्हा पातळ तेल सोडत होता. म्हणाला, जाड ग्रीस कचरा धरून ठेवतं आणि मग तो कचराच स्क्रू खातो. माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणजे संशय नाही.
ठराव: उद्या मालकांसमोर सगळं अंगावर घेणार. मामीला फक्त एवढंच सांगितलं की मी मामाची नोकरी वाचवणार आहे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. भाजी जास्त वाढली.

शनिवार, ८ मार्च
केबिनमध्ये ताठ उभा राहिलो. म्हणालो, साहेब, ते वीस पीस मामाचे नाहीत, माझे आहेत.
मालक म्हणाले, माहीत आहे. वीसच्या वीसवर चांदणी आहे. मामाचा एकही गेला नाही.
ताईंनी समजावलं. मामा प्रत्येक वेळी टेबल जरा जास्त मागे नेतो आणि मग एकाच बाजूने मापावर आणतो. ढिलाई असो वा नसो, त्याला सारखंच. आणि तू कधी इकडून येतोस, कधी तिकडून.
मामा दोन वर्षं राहणार. मला महिनाभर मशीन नाही. रोज सकाळी स्क्रू पुसायचा आणि तेल घालायचं.
घरी आलो तर मामीने शेजारच्या काकूंना सांगूनही टाकलेलं, भाच्याने मामाची नोकरी वाचवली. काकूंनी पाठीवर हात फिरवला. मामा ऐकत होता.
जेवायला बसलो. मामी आत गेली, तशी मामाने डब्याच्या पिशवीतून माझी ॲलन की काढून ताटाशेजारी ठेवली. म्हणाला, सोमवारी मशीनखाली विसरलास. तू नट कधी घट्ट करतोस म्हणून चार दिवस वाट बघितली, मग काल मीच केला. जेव.
मामी पुन्हा भाजी घेऊन आली. मी की मांडीखाली लपवली.
वही, तुझ्या पाया पडतो. कोणाला सांगू नकोस. निदान मामीला तरी नको.