साहेबांचं ठरलं होतं

१४ फेब्रुवारी, बुधवार

कुटुंबवत्सल! पेपरात चौकट आली आहे, फोटोसकट. 'शिस्तप्रिय, कर्तव्यदक्ष, कुटुंबवत्सल जनरल मॅनेजर गोवर्धनराव.' मजकूर नितेशनं दिला. पोटचा मुलगा, पण छापायच्या आधी मला वाचूनसुद्धा दाखवला नाही. खाली मी — 'शोकाकुल पत्नी शकुन'. अरे, शोकाकुल आहे की काय आहे, मला विचारलं का कोणी?

नऊ दिवस झाले ह्यांना जाऊन. अकोल्याला, डाळ मिलच्या ऑफिसात, दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. मला कळलं तेव्हा सगळ्या मिलला कळून झालं होतं.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

राग येतो. रडू येत नाही, राग येतो. बायका भेटायला येतात, माझे कोरडे डोळे बघतात आणि एकमेकींकडे बघतात. बघू द्या!

सव्वीस वर्षं हा माणूस सोमवारी सकाळी अकोल्याला जायचा आणि शनिवारी संध्याकाळी अमरावतीला परत यायचा. मधले दिवस तिकडे जुन्या शहरात खोली घेऊन राहायचे. तरी घर चालवायचे तेच, फोनवरून. गॅस बुक केला, प्लंबर सांगितला, लेकीचा, वर्षालीचा, क्लास बदलला, माझी डोळ्यांची तपासणी ठरवली. सगळं झाल्यावर मला फोन — "होऊन गेलं काम, तू काई टेन्शन घेऊ नको." माझ्या साड्यासुद्धा तेच आणायचे. चौतीस वर्षं मोरपंखी नेसतेय. मला मोरपंखी आवडत नाही.

एकदा कौंडण्यपूरच्या यात्रेला शेजारच्या जयवंताबाईंबरोबर जायचं ठरवलं होतं. आम्ही सहाजणी, एसटीनं, डबे घेऊन. ह्यांना कळलं तर कंपनीची गाडी पाठवली! सहाजणी मावत नव्हत्या. त्या गेल्या एसटीनं हसत-खिदळत आणि मी मागे एकटी गाडीत, ड्रायव्हरच्या मानेकडे बघत. "किती जीव लावतात गं साहेब," जयवंताबाई म्हणाल्या.

१७ फेब्रुवारी, शनिवार

तेरवी झाली. अडीचशे पान.

माझा भाऊ बंडू साडी घेऊन आला. डोळे पुसत म्हणाला, "जावईबुवांनं तुले तयहाताच्या फोडासारखं जपलं, शकुनताई." फोडासारखंच! फोडाला कोण विचारतं, तुला कुठं जायचंय म्हणून?

जेवणं उरकल्यावर नितेशनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. आई पुण्याला येणार. घर भाड्यानं द्यायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. "बाबायचं ठरलंच होतं," म्हणाला.

हो, ठरलंच होतं! आदल्याच रविवारी ह्यांनी नितेशला फोन करून सांगितलं होतं — मार्चमध्ये रिटायर होतो, मग आम्ही दोघं पुण्याला, कायमचे. मी तिथंच, दोन हातांच्या अंतरावर बसून मेथी निवडत होते. फोन ठेवला आणि मला म्हणाले, "ऐकलं ना?"

ऐकलं. त्या संध्याकाळी मी एक शब्द बोलले नाही त्यांच्याशी.

१८ फेब्रुवारी, रविवार

आज सूनबाईनं, पिंकीनं, कहर केला. हे दर आठवड्याला फ्रिजवर कागद लावून जायचे, कोणत्या दिवशी कोणती भाजी. मिलच्या पाळ्या लावल्यासारखं! शेवटचा कागद तसाच राहिला होता. पिंकी म्हणाली, "आई, आता घरात रोजचा स्वयंपाक सुरू होईन तं बाबाच्याच लिस्टनं करू. त्यायच्या आत्म्याले बरं वाटन."

म्हणजे मेल्यावरही बुधवारी बरबटीच्या शेंगांचीच भाजी!

कागद ओढला आणि टराटरा फाडला. पिंकी रडायला लागली. मग नितेश मला पाणी आणून द्यायला लागला, बीपी तपासायला लागला. मला बीपी नाही. मला बेसन खायचं होतं, ते केलं आणि चार भाकरी खाल्ल्या.

२१ फेब्रुवारी, बुधवार

अकोल्याला मिलमध्ये शोकसभा. शेठजी म्हणाले, "साहेबांनी घर आणि कंपनी एकाच पद्धतीनं चालवली." मलाही तसंच वाटत होतं. मग बाहेर पडताना माणिकबाई भेटली. वीस वर्षं डाळ निवडते मिलमध्ये. माझा हात धरून ढसाढसा रडली.

"मले इचारल्याबिगर साहेब माल पास नाई करत होते, बाई. ओंजय भरून पुढं धरे. म्हने, माणिकबाई, तू सांग, तुह्या हाताले काय वाटते? मी नाई म्हनलं का ट्रक वापस!"

मी गाडीत येऊन बसले. म्हणजे विचारता येत होतं! या माणसाला विचारायचं कसं असतं ते माहीत होतं! निवडणाऱ्या बाईच्या शब्दावर ट्रक परत जायचा आणि मला साधं भिंतींच्या रंगाचं विचारलं नाही. मूर्तिजापूर येईपर्यंत मनातल्या मनात भांडत होते त्यांच्याशी. उत्तर कोण देणार? तेवढं बरं साधलं त्यांनी.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

एक तारखेची तिकिटं आली. नितेशनं माझं खिडकीजवळचं काढलंय. मला विचारलं नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार

वर्षाली नागपूरहून आली. भावाशी भांडली. "दादा, तू आईले एकदा तरी इचारलं काय?" मग मला खोलीत घेऊन गेली, दार लोटलं, समोर बसली.

"आई, पुण्याले जायचं का इथंच राहायचं? तू म्हनशीन तसं. दादाले मी पाहून घेतो. तुले काय वाटते?"

याच प्रश्नासाठी तर जन्मभर जळत होते! आणि तोंडातून शब्द निघेना. इथंच राहायचंय — एवढं तर म्हणायचं होतं. दूध ठेवलंय गॅसवर, असं काहीतरी पुटपुटून उठले.

तिला वाटलं, मला बाबांची आठवण आली.

२६ फेब्रुवारी, सोमवार

लिहून टाकते. एकवीस दिवस झाले, लिहिलं नाही, कोणाला सांगितलंही नाही.

त्या शेवटच्या सोमवारी सकाळी चहाचा कप हातात धरून हे उभे राहिले होते. म्हणाले, "शकुन, छातीत जड-जड वाटून राह्यलं. आज जाऊ का घरीच राहू? तुले काय वाटते?"

आयुष्यात पहिल्यांदा. मी पुण्याच्या रागात होते. मान वर न करता म्हणाले, "मले काहून इचारता? तुमचं तुमीच ठरवा."

त्यांनी कप ठेवला, बॅग घेतली आणि गेले.