खिडकीसमोरचा लिंब

हिंगोली, चैत्र, सन १९४४

विश्वंभरदादास ताराचा नमस्कार.

माझ्या लग्नात तू औंढ्याहून आणून खिडकीसमोर लावलेला कडूलिंब मी मागच्या वर्षी तोडायला लावला. मोहर आला की शिंका यायच्या, दमा उठायचा, म्हणून त्यालाच बोल लावला. शिंका कमी झाल्या, पण समोरच्या जिनिंगमधली कापसाची धूळ सरळ घरात यायला लागली आणि श्वासाची तकलीफ दुप्पट झाली. एवढी वर्षं ती धूळ झाड अडवून राहिलं होतं.

सासूबाई म्हणाल्या, "काहून रडून राहिली? बूड जितं हाय, पाणी घाल."

रोज घातलं. आता फुटवे माझ्या कमरेला लागतात. तोवर खिडकीला ओलं जुनेर बांधते, झोप येते.

फुटवे खिडकीच्या वर गेले की हे पत्र टाकीन. आज दुसरं टाकते. त्यात लिंब बरा आहे एवढंच लिहिलंय, आणि ते खोटं न्हाई.

तुझी धाकटी,
तारा