रुचिराचं यंत्र आणि आंबूस वास

पनवेल, ७ ऑक्टोबर

चि. सौ. वसुंधरास अनेक उत्तम आशीर्वाद,

फोनवर वास पोहोचत नाही, म्हणून हे पत्र. दसरा आटोपून तू सांगलीला परतलीस आणि आमच्या हॉलमध्ये आंबूस दुर्गंधी सुटली. उगम: तुझ्या वहिनीचा कॉम्प्युटर.

तू पाहिलासच तो. दुकानातून अख्खा आणायचा सोडून रुचिराने एकेक अवयव मागवून स्वतः जोडला. प्रोसेसर तापू नये म्हणून त्यावर टूथपेस्टसारखा करडा मलम लावला, तेव्हाच मी नाक मुरडलं होतं. माझं निदान, तो मलम सडला. ती म्हणते, तो सडत नसतो. वर म्हणते, निवृत्तीनंतर तुमच्या नाकाला फार सवड मिळाली आहे. बीभत्स रसाचा स्थायीभाव जुगुप्सा, हे शाळेत जन्मभर शिकवलं. उदाहरण आत्ता घरी लाभलं. यंत्र तापलं की नासक्या दुधाची वाफ थेट माझ्या ताटावर येते. काल त्यात मुंग्यांची रांग शिरताना पाहिली, मागोमाग एक झुरळ. हातातला चहा मी ओतून टाकला.

तिला इथून जवळच्या द्रोणागिरीतल्या एका गोदामाची चित्रं करायची आहेत; गोदाम बांधण्याआधीच पडद्यावर त्यातून फिरता येतं म्हणे. आपल्या आईच्या आजारपणात तिने आर्किटेक्टकडची नोकरी सोडली, त्यानंतरचं हे पहिलं काम, दिवाळीआधी द्यायचं आहे. मी स्पष्ट सांगितलं, तुझं काम घरात सडतंय, बाहेर काढ. तिने पाठ फिरवून काम चालू ठेवलं. तूच समजाव.

नाकाला रुमाल लावून का होईना, लोभ टिकव.

तुझा,
गुरुदत्तदादा

सांगली, १० ऑक्टोबर

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र जेवताना वाचू नये, एवढी अक्कल आता आली. पण वहिनीचा मलम सडेल कसा? खंडेनवमीला त्या यंत्राची पूजा मी स्वतः यथासांग केली आहे! तू देवघरात मंत्रांत रंगला होतास, वहिनी पुरणात. मी काचेचं दार उघडलं, हळदकुंकू वाहिलं आणि तळाशी ती काळी जाळीदार पेटी आहे ना, तिच्यावर दोन पळ्या पंचामृत सोडलं. बाहेरून नुसतं शिंपडणं मला पटत नाही. यंत्र बंद होतं हो, मी तेवढी अडाणी नाही.

हे ऐकून आमच्या ह्यांनी हातातला घास खाली ठेवला आणि आत्ताच्या आत्ता फोन कर म्हणाले. पण तू पत्र पाठवलंस, म्हणून मीही पत्रच लिहिते.

काही चुकलं असेल तर रागाव, पण भाऊबीजेला दार उघड.

तुझी,
वसू

पनवेल, १८ ऑक्टोबर

चि. सौ. वसूस आशीर्वाद,

तुझं पत्र येण्याच्या आदल्या दिवशीच यंत्र धूर काढून बंद पडलं. पत्र मी रुचिराला वाचून दाखवलं. हसेल असं वाटलं होतं. तिने स्क्रू काढायला घेतले आणि मला म्हणाली, टॉर्च धरा, आणि तोंड फिरवू नका.

आतलं काय वर्णू! दह्यावर हिरवी बुरशी, मधात रुतलेल्या मुंग्या, तुपात माखलेलं झुरळ आणि त्याच्या पाठीवर कुंकू. मी मोरीत जाऊन ओकलो. ती जुन्या ब्रशने खरडत राहिली. वीज पुरवणारी तळाची पेटी तेवढी गेली होती. मलमाला काहीही झालं नव्हतं.

मी म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, तुमच्या बहिणीची घाण स्पिरिटने निघाली. माझं काम सडतंय म्हणालात, ते कशाने पुसू?

नवी पेटी आणली, पण यंत्र पुन्हा उभं राहिलं ते जवळच्या विचुंबे गावात, तिच्या मैत्रिणीच्या, कुलसुमच्या, रिकाम्या खोलीत. गोदामाची चित्रं तिथून वेळेत गेली. गोदामवाल्यांना आवडली, दुसरं कामही मिळालं. सकाळी डबा घेऊन जाते, संध्याकाळी येते, माझ्याशी नीट बोलते. नीटच बोलते, वसू.

हॉल आता लख्ख आहे. शिसारी मात्र गेलेली नाही; ती आता माझ्याच शब्दांची आहे, नाक दाबून भागणार नाही. काल विचारलं, तुझी खोली बघायला येऊ का? म्हणाली, सवड झाली की कळवते.

भाऊबीजेला ये. रागावलो नाही; रागावायचा हक्क ज्यांचा, त्या विचुंब्यात असतात. लोभ असू दे, सध्या मला त्याची गरज आहे.

तुझा,
दादा